माळावर कामाला येताय? आधी कुसळं काढायला शिका

माळावरच्या, म्हणजे गवताळ जमीन राखण्याच्या, कामाला रुजू झाले तेव्हा माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी, नवे कोरे बूट आणि जाड लोकरी मोजे होते. पहिल्याच संध्याकाळी मोजे फेकून द्यावे लागले. कुसळी गवताच्या बीला मागे एक लांब काळपट शेपूट असतं. ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा पीळ बसतो, आणि या फिरण्याच्या जोरावर पुढचं टोकदार बी जमिनीत शिरतं. जमीन नाही मिळाली तर त्याला मेंढीची लोकर चालते, मोजा चालतो, पोटरीही चालते. रात्री दिव्याखाली चिमट्याने कुसळं उपटत बसले होते, तर आमच्या वरिष्ठ ताईंनी त्यातलंच एक उचलून बशीत ठेवलं आणि वर पाण्याचा थेंब सोडला. शेपूट सावकाश गोल फिरायला लागलं. कॉलेजात गवताच्या कुळावर एक अख्खं प्रकरण होतं, पण हे कुणी दाखवलं नव्हतं.

तर पहिली सूचना: मोजे साधे सुती आणि गुळगुळीत, वरून गेटर, म्हणजे पोटरीला गुंडाळायचं जाड आवरण. बूट घोट्याच्या वर जाणारे, कारण माळावर फुरसं असतं आणि ते दगडाच्या रंगात मिसळून जातं. दगड उचलायचा तर आधी काठीने हलवायचा.

मी काम केलं तो पट्टा सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. पर्जन्यछायेचा प्रदेश, पाऊस वर्षाला साधारण पाच-सहाशे मिलिमीटर, खाली काळा कातळ आणि वर वीतभर मुरूम. उन्हाळ्यात पाहिलं तर वाटतं, इथे काहीच नाही. शासनाच्या कागदांनाही तेच वाटत आलंय. २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला, त्यात असे कितीतरी माळ 'पडीक' म्हणून रंगवले गेले. आणि पडीक म्हटलं की कुणाला तरी तिथे काहीतरी करावंसं वाटतंच. कुणी झाडं लावतं, कुणी चर खोदतं, कुणी सौर पॅनेल बसवतं. त्याच 'पडीक' जागेवर लांडगा पिल्लं घालतो, खोकड बीळ करतं, धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी देतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ची. कागदावरचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, ते पुढे १,२२२वर आलं. खरं गवत राखलेला भाग त्याहून कितीतरी लहान, आणि माळढोक पक्षी दिसला तर आता बातमी होते.

नव्याने येणाऱ्यांपैकी दहातले आठ जण झाडं लावायच्या उत्साहाने येतात. मीही त्यातलीच. उघड्या माळावर दीड फुटाचा खड्डा खणून गिरिपुष्प लावलं की दोन गोष्टी होतात. खड्ड्याच्या आजूबाजूची मूळ गवताची ठोंबं, म्हणजे मुळांसकटचे झुबके, उखडली जातात, आणि ते झाड जगलंच तर ज्या पक्ष्यांना चहूबाजूंनी मोकळी नजर लागते ते तिथून उठून जातात. सलग समतल चरांचंही, म्हणजे पाणी अडवायला एकाच पातळीत खोदलेल्या लांब चरांचंही, तसंच. उतारावर, माती धुपलेल्या ठिकाणी ते उपयोगी पडतात. चांगलं गवत असलेल्या माळावर ते म्हणजे जखम नसताना टाके घालणं. हे माझं मत आहे, आणि यावरून माझी वरिष्ठांशी दोनदा भांडणं झाली आहेत.

पहिले तीन महिने मी फक्त गवतं ओळखायला शिकले. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी भारतातल्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार पाडले. त्यात आपलं दख्खन पवन्या-मारवेलच्या गटात येतं. माळ चांगला असेल तर पवन्या, मारवेल, डोंगरी ही चवीची बहुवार्षिक गवतं भरपूर दिसतात. चराई वाढत गेली की ती मागे पडतात आणि कुसळी माजते. त्याहीपुढे गेलं की उरतात एकवर्षायू बारीक गवतं, गाजर गवत आणि वेडी बाभूळ. हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की माळावर पाऊल ठेवताच त्याची तब्येत कळते. ओळखायची वेळ मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरच. तुरे आल्याशिवाय भलेभले चुकतात. म्हणून कामाला ऑगस्टमध्ये रुजू व्हा. जानेवारीत आलात तर पावसाळ्यापर्यंत वाळलेल्या काड्यांकडे बघत बसाल.

मला खरं शिकवलं ते एका मेंढपाळ मामांनी. मी मोठ्या ऐटीत एका ठोंबाला पवन्या म्हटलं. ते हसले. "ताई, ही पवन्या न्हवं. पवन्या आसती तर माझ्या मेंढरांनी तुमच्यासाठी ठिवली आसती का?" त्या दिवसापासून मी नमुना गोळा करायच्या आधी शेंडे खुडलेत का ते पाहते.

मोजमापाचं काम दिसतं सोपं. एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकायची, आतल्या जाती लिहायच्या, आच्छादन किती टक्के ते ठरवायचं, मग गवत जमिनीलगत कापून, वाळवून वजन करायचं. गडबड होते ती टक्क्यांत. एकाच चौकटीला मी ६० लिहिले आणि माझ्या सहकाऱ्याने ४०. आमची पहिल्या पंधरवड्याची आकडेवारी यामुळे जवळजवळ वाया गेली. त्यानंतर रोज सकाळी पहिल्या तीन चौकटी सगळ्यांनी वेगवेगळ्या वहीत भरायच्या आणि मगच एकमेकांना दाखवायच्या, असा नियम केला. आठवडाभरात फरक पाच-दहावर आला. चौकट कुठे टाकायची तेही आधी कागदावर ठरवा. माळावर उभं राहून ठरवलंत तर पाय आपोआप हिरव्या जागेकडे वळतात.

आता बियाण्याचा किस्सा, कारण माझी सर्वात मोठी चूक तिथली. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही पवन्या आणि मारवेलचं बी गोळा करत होतो. सकाळी लवकर जायचो, दव अंगावर असतानाच तुरे ओरबाडायचो आणि प्लास्टिकच्या गोण्यांत ठासून भरायचो. चार दिवसांनी गोणीत हात घातला तर आत गरम. बी तापलं होतं, मधल्या थराला पांढरी बुरशी. सहा गोण्या गेल्या, आणि त्या जातींचा हंगामही संपला. तेव्हापासून दव उडाल्यावर जायचं, तुरा मुठीत धरून हलकेच ओढायचा. सहज हातात आला तर पिकला. जोर लावावा लागला तर आठवड्याने पुन्हा यायचं. बी सावलीत पसरून वाळवायचं आणि सुती किंवा तागाच्या पिशवीत ठेवायचं. ताजं बी लगेच पेरूही नये. यातल्या बऱ्याच गवतांचं बी काही महिने झोपलेलं असतं, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पेरलं तर उगवण बरी मिळते. आणि पेरताना मुंग्यांची वारुळं टाळा. आम्ही एका वारुळाशेजारी मनापासून पेरलं, दुसऱ्या दिवशी वारुळाभोवती फोलपटांचं सुंदर कडं तयार.

ठोंबं लावणं जास्त भरवशाचं, पण कंबर मोडणारं. पाऊस लागून राहिला की शेजारच्या चांगल्या माळावरून परवानगीने ठोंबं काढायची, फोडायची, त्याच दिवशी लावायची. दुसऱ्या दिवशी म्हटलं की निम्मी मरतात.

आगीबद्दल थोडंच सांगते. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, त्याआधी काढून झाल्या पाहिजेत, म्हणजे जानेवारीत विळा हातात. आग लागली तर नवख्याने वाऱ्याच्या दिशेला, आगीच्या पुढे कधीच जायचं नाही. पाणी पोचवणं आणि माणसं मोजणं हे तुमचं काम.

जमीन सांभाळायची म्हणजे गवत ओळखता आलं की झालं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात माझा निम्मा वेळ तलाठी कार्यालयात गेला. सातबारा आणि गावनकाशा वाचायला शिका. जो माळ तुम्हाला सलग दिसतो तो कागदावर थोडा वनखात्याचा, थोडा गायरान, थोडा खासगी असतो आणि प्रत्येकाला वेगळी परवानगी लागते. वनजमिनीवर पाऊल टाकायच्या आधी वनखात्याचं पत्र हवं. गायरानावर काही करायचं तर ग्रामसभेचा ठराव. गावात २००२च्या कायद्याखालची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर तरी. तिच्या सदस्यांना आधी भेटा.

आमचा पहिला बंदिस्त तुकडा, म्हणजे चराई थांबवायची जागा, आम्ही नकाशा बघून आखला. कागदावर अगदी योग्य. फक्त तो मेंढरांच्या पाण्याच्या वाटेवर आडवा येत होता, आणि ती वाट कुठल्याच नकाशात नव्हती. दोन रात्रींत खुणेचे दगड गायब. राग आला, तक्रार करायची ठरलं. मग तेच मामा म्हणाले, "दगड आमीच काढलं. इचारलं आसतं तर जागा दावली आसती." त्यांनी दाखवलेला तुकडा आमच्या तुकड्यापेक्षा चांगला निघाला. जुलै ते ऑक्टोबर तिथे मेंढरं सोडायची नाहीत, नंतर सोडायची, असं तोंडी ठरलं आणि ते दोन्ही वर्षं पाळलं गेलं.

नोकरीचं विचाराल तर वाटा तीन-चारच. वनरक्षक भरतीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी चालते. वनक्षेत्रपाल महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून. दापोली आणि अकोल्याला वनशास्त्राची पदवी आहे, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पदव्युत्तर शिक्षण मिळतं. उरतात संशोधन प्रकल्प आणि संस्था. केंद्राच्या निधीवरच्या प्रकल्पात नेट पास असाल तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. संस्थांमध्ये त्याहून बरंच कमी, आणि करार अकरा महिन्यांचा. घरी हे आधीच नीट सांगा. मुलाखतीत एक प्रश्न मात्र नक्की विचारा: पावसाळ्यात फिल्डवर जायला गाडी कोणाची? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही पुन्हा चौकटी टाकल्या. पेरलेल्या तुकड्यांत जेमतेम काही उगवलं होतं, ठोंबं लावलेले बरे होते. चौदा नंबरच्या चौकटीत पवन्याची तीन नवी ठोंबं, कमरेइतकी, तुऱ्यांनी वाकलेली. वही उघडून पाहिलं तर तो तुलनेसाठी सोडलेला तुकडा, म्हणजे मामांनी दाखवलेल्या जागेचाच एक कोपरा. अहवालात 'केलेले काम' असा रकाना होता. मी त्यात 'काही नाही' असं लिहिलं. वरिष्ठ ताईंनी ते खोडून वर लिहिलं, 'चार महिने विश्रांती', आणि खर्चाच्या रकान्यात शून्य टाकलं. तो रकाना शून्य का, याचा खुलासा मागणारं पत्र पुढच्याच महिन्यात आलं.