पोरगं अमेरिकेचं सिटिझन झालंय, आता आईवडलांच्या ग्रीन कार्डचं काय करायचं? (सांगलीत बसून)

दादानं आईअण्णांचं ग्रीन कार्ड केलं, म्हणजे फॉर्म त्यानं तिकडनं भरले आणि कागद गोळा करायला इकडं मी फिरलो, त्यामुळं आता पावण्यारावळ्यांतलं कोणीही फोन करून विचारतं की आमच्या पोराला सिटिझनशिप मिळाली, पुढं काय. म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय.

आधी एक गैरसमज काढतो. पोरगं अमेरिकेत जन्मलं, दोन वर्षांचं असताना तुम्ही त्याला घेऊन परत आलात, त्याचा निळा अमेरिकन पासपोर्ट कपाटात आहे, तर त्या पासपोर्टवर तुम्हाला आत्ता काहीही मिळत नाही. आईवडलांसाठी अर्ज करायला मूल २१ वर्षांचं लागतं. आणि २१ चं झालं पण इथं सांगलीत विलिंग्डन कॉलेजला शिकतंय, तर अर्ज टाकता येईल हो, पण पुढं स्पॉन्सर म्हणून त्याचं बिऱ्हाड अमेरिकेत आहे किंवा तुमच्याआधी, निदान तुमच्याबरोबर तरी ते तिथं राहायला जाणार हे दाखवावं लागतं, शिवाय उत्पन्न. काहीजण म्हणतात टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथंच थांबू. असलं करू नका. मुदत संपल्यावर १८० दिवसांच्या वर राहून बाहेर पडलात तर ३ वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं, आणि ती माफ करून घ्यायला सिटिझन मुलाचा उपयोग होत नाही, त्याला सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवाला नवरा-बायको किंवा आईवडील लागतात.

आता पोरगं मोठं आहे, तिकडं नोकरी करतंय, सिटिझन झालंय, तर गोष्ट सरळ आहे. आईवडील ‘इमिजिएट रिलेटिव्ह’मध्ये येतात, त्यांना कोटा नाही, रांग नाही. पोरानं भरायचा नात्याचा अर्ज म्हणजे फॉर्म आय-१३०, आणि आईचा वेगळा, वडलांचा वेगळा, एकात दोघं बसत नाहीत. दादानं ऑनलाइन भरला तेव्हा माणशी ६२५ डॉलर होते, कागदावर भरला तर ६७५, पण फी बदलत असते, भरायच्या दिवशी अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या साइटवर बघा. धाकट्या भावाबहिणीला यात मागनं लावता येत नाही. दादा माझ्यासाठी वेगळा अर्ज टाकू शकतो, पण भावाबहिणींच्या त्या रांगेत भारताचा नंबर यायला १५ वर्षांच्या वर लागतात, तोवर मीच रिटायर होईन.

खरा घाम कागदात निघतो. आईसाठी दादाचा जन्मदाखला लागतो, त्यावर दोघांची नावं पाहिजेत, आणि वडलांसाठी त्याच्या जोडीला आईवडलांचा मॅरेज सर्टिफिकेट. मी आधी महापालिकेत दोन चकरा मारल्या, दादाची नोंदच नाही. मग आई म्हणाली, अरे पहिलं बाळंतपण माहेरी नव्हतं का! नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत, कवठेमहांकाळच्या पुढं. ग्रामसेवकानं कपड्यात बांधलेलं रजिस्टर काढलं, पानं कडेनं तुकडे पडत होती, आणि दादाची ओळ सापडली, पण आईचं नाव शकुंतला. पासपोर्टवर सुनंदा! लग्नात नाव बदललेलं, पण माहेरच्यांनी नोंद करताना आपलं जुनंच सांगितलेलं. तुमच्याकडंही हे निघणार, त्या पिढीतल्या निम्म्या बायकांची दोन नावं असतात. आम्ही दोन्ही नावं एकाच बाईची असं अॅफिडेव्हिट केलं, मामांचं वेगळं केलं, आणि फॉर्ममध्ये ‘इतर नावं’ असं विचारतात तिथं शकुंतला न विसरता लिहिलं. ते लपवू नका, लपवलं की शंका येते.

नोंद कुठंच सापडली नाही तर तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जन्माच्या वेळी हजर असलेल्या वडीलधाऱ्यांची अॅफिडेव्हिटं जोडा. लग्नाची नोंद जुन्या काळी कोण करत होतं, पण आताही करता येते, लग्नपत्रिका आणि फोटो असला तर शोधून ठेवा. कागद फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं.

आय-१३० मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरला जाते. तिथं डीएस-२६०, म्हणजे आईवडलांच्या व्हिसाचा अर्ज भरायचा, माणशी ३२५ डॉलर, आणि दादानं आय-८६४ द्यायचा, म्हणजे मी यांना पोसेन असं लेखी. त्याचं उत्पन्न घरातल्या माणसांच्या हिशोबानं गरिबी रेषेच्या १२५ टक्के लागतं, दादा-वहिनी, दोन पोरं, आईअण्णा अशी सहा माणसं धरली. कमी पडलं तर तिथलाच दुसरा कोणी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर होतो. इकडं पासपोर्टच्या साइटवरनं पोलीस क्लिअरन्स काढायचा, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडं मेडिकल करायचं, मग मुंबईला बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. अण्णांना विचारलं, मुलगा काय काम करतो? अण्णा म्हणाले, कॉम्प्युटर. तेवढ्यावर भागलं.

पण हे सगळं करायच्या आधी आईवडलांना तिथं खरंच राहायचंय का ते विचारा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही. नुसतं नातवंडं बघायची असतील तर बी१/बी२ म्हणजे टुरिस्ट व्हिसा १० वर्षांचा मिळतो, एका खेपेला बहुतेक सहा महिने राहता येतं, बास की. ग्रीन कार्ड घेऊन सहा महिन्यांच्या वर सांगलीत बसलात की एअरपोर्टवर प्रश्न, वर्षाच्या वर बसायचं असेल तर निघायच्या आधी तिथनं रीएंट्री परमिट, म्हणजे परत यायची परवानगी, मागायची. आणि उसाचं बिल! इकडं शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण ग्रीन कार्डवाल्याला जगभरचं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं, ऊस आला, दुकानाचं भाडं आलं, एफडीचं व्याज आलं. अनिवासी झालात की नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आहे ती राहते. ६५ च्या वरच्यांना तिथं पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, विकतही घेता येत नाही, तोवर इन्शुरन्सचा हप्ता पोराच्या डोक्यावर.

पोरगं कॅनडात असेल तर आईवडलांसाठीचा सुपर व्हिसा बघा, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, त्यासाठी इतर अटींबरोबर निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो.

ज्यांना ग्रीन कार्डच करायचंय त्यांनी फॉर्म राहू दे, आधी आजोळी जाऊन रजिस्टर बघून या, आणि जायच्या आधी ग्रामसेवकाला फोन करा, माझी एक खेप ते मिटिंगला गेल्यामुळं वाया गेली.