वासुदेव बळवंतांवरच्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत कसं बांधावं

क्रांतिकारकाचा चित्रपट म्हटलं की पहिल्याच दृश्यात तुतारी आणि ढोल सुरू होतात आणि शेवटच्या तासासाठी हातात काहीच उरत नाही. वासुदेव बळवंत फडके यांचं बंड १८७९ सालचं, जेमतेम काही महिन्यांचं. त्याआधी पुण्यातली लष्करी हिशेब खात्यातली नोकरी आहे, १८७६-७७चा दुष्काळ आहे. तोवर संगीतानेही दम धरावा.

मूळ धून पाच स्वरांची ठेवा. दुर्गा रागाचे सा रे म प ध पुरतात. नोकरीच्या प्रसंगांत ती एकट्या सारंगीवर वाजवा आणि पंचमावर, म्हणजे ‘प’वर, अर्धवट सोडा. दुष्काळात तालवाद्य नकोच. डफ पहिल्यांदा ऐकू यावा तो बंडातल्या धामारी गावाच्या लुटीत, आणि धून तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, पूर्ण व्हावी तीही तिथेच. एडनच्या तुरुंगात हीच धून घेऊन फक्त रे आणि ध कोमल करा. स्वर गुणकली रागाचे होतात. चाल ओळखू येते, पण उभारी गेलेली असते. १७ फेब्रुवारी १८८३च्या मृत्यूला याहून जास्त काही लागत नाही. तिथे व्हायोलिनचा ताफा आणला तर प्रसंग हलका होतो.

‘वंदे मातरम्’ची चाल मोहात पाडेल. पण हे गीत ज्यात आहे ती बंकिमचंद्रांची कादंबरी ‘आनंदमठ’ पुस्तकरूपात आली १८८२मध्ये, म्हणजे बंड मोडल्यावर. धामारीच्या प्रसंगाखाली ती चाल खोटी वाटते. डफ, तुणतुणं, झांज हा पोवाड्याचा साज त्या काळाचाच आहे.

लय दृश्याच्या लांबीवरून काढा. ४० सेकंदांच्या पाठलागाला मिनिटाला ७२ मात्रा धरल्या तर ४८ मात्रा होतात, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाची बरोबर ६ आवर्तनं, आणि पुढची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, थेट कटवर पडते. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर एक मात्रा २० फ्रेमची. ७५ धरल्यास ५० मात्रा होतात आणि कट आवर्तनाच्या मधेच येतो. संकलन पक्कं होण्याआधी हा हिशेब करू नका. दोन सेकंद कापले की सगळं पुन्हा मांडावं लागतं.

तुतारीला मोजकेच नैसर्गिक स्वर मिळतात, त्यामुळे तिचं ध्वनिमुद्रण सर्वांत आधी करा आणि बाकीची वाद्यं तिच्या पट्टीला लावा. दमट हवेत डफाचं कातडं सैल पडतं, म्हणून प्रत्येक टेकआधी शेकून घ्या. संवादाखाली झांज नको, व्यंजनं बुडतात. मिक्सिंगला देताना ताल, तंतुवाद्यं आणि गायन यांचे स्टेम, म्हणजे गटवार ध्वनिपट, वेगळे काढा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये.