रॉबिनवर लिहिताना, क्विझ काढताना, गाणी लावताना: या चुका टाळा

मित्रमंडळींच्या एका क्विझमध्ये मी मोठ्या ऐटीत विचारलं होतं, "'शो मी लव्ह' हे गाणं कोणत्या स्वीडिश गायिकेचं?" आणि वाजवलं ते भलतंच 'शो मी लव्ह'. समोरून एकाने शांतपणे हात वर केला, "अहो, ही बाई न्यूयॉर्कची आहे." प्रश्न बाद, गुण सगळ्यांना, आणि पुढचा तासभर थट्टा माझी.

तेव्हापासून रॉबिन या स्वीडिश पॉप गायिकेबद्दल काहीही वाचलं की मी आधी घोळ शोधतो. बहुतेक वेळा तो सापडतोच, आणि ठरावीक जागीच सापडतो.

एकाच नावाच्या तिघी

अर्धा दोष आपल्या लिपीचा आहे. इंग्रजीत स्वीडनची रॉबिन 'वाय' लावून लिहितात आणि अमेरिकेची रॉबिन एस. 'आय' लावून. देवनागरीत दोघी सारख्याच. गंमत म्हणजे स्वीडनच्या रॉबिनचं खरं नाव रॉबिन मिरियम कार्लसन, आणि त्यात 'आय'च आहे. 'वाय' आला तो रंगमंचासाठी.

रॉबिन एस.चं 'शो मी लव्ह' पहिल्यांदा १९९० मध्ये आलं आणि १९९३ मध्ये रीमिक्समुळे गाजलं. तो रीमिक्स करणारा स्टोनब्रिज हा डीजे स्वीडनचाच! म्हणजे खातरजमा करायला गेलात तरी 'स्वीडन' हा शब्द समोर येतो आणि चूक जास्तच पक्की होते. स्वीडनच्या रॉबिनचं गाणं त्यानंतरचं. ते तिने मॅक्स मार्टिन या स्वीडिश गीतकार-निर्मात्याबरोबर लिहिलं. शब्द वेगळे, चाल वेगळी. लुकास मूडिसनच्या १९९८ च्या स्वीडिश चित्रपटाला परदेशात याच गाण्याचं नाव दिलं गेलं, कारण मूळ नावात चारचौघांत उच्चारता येणार नाही असा शब्द होता.

ओळखायचं कसं? पहिले दहा सेकंद ऐका. ऑर्गनसारखा ठसठशीत ठोका सुरू झाला तर ती रॉबिन एस. मी ते दहा सेकंद ऐकले नव्हते.

तिसरी रॉबिन म्हणजे रिहाना. तिचं खरं नाव रॉबिन रिहाना फेंटी, तेही 'वाय' लावून. स्वीडनच्या रॉबिनचा 'डोन्ट स्टॉप द म्युझिक' हा अल्बम २००२ चा, आणि रिहानाचं त्याच नावाचं गाणं २००७ चं. त्यामुळे 'रॉबिन' आणि हे शीर्षक एकत्र शोधलं की काय समोर येईल सांगता येत नाही. नावाबरोबर वर्ष टाका, निम्मा त्रास तिथेच संपतो.

स्वतःच्या नावाचा अल्बम म्हणजे पहिला अल्बम?

कलाकाराचं नाव आणि अल्बमचं नाव एकच दिसलं की आपण तो पहिला धरून मोकळे होतो. 'रॉबिन' हा अल्बम २००५ चा, आणि तो तिचा चौथा. पहिला 'रॉबिन इज हिअर', १९९५ चा. ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

त्यातही तारखांचा गुंता आहे. पहिला अल्बम स्वीडनमध्ये १९९५ ला आला, अमेरिकेत १९९७ ला. चौथा स्वीडनमध्ये २००५, ब्रिटनमध्ये २००७ आणि अमेरिकेत २००८. लेखात एका परिच्छेदात स्वीडनचं साल आणि दुसऱ्यात अमेरिकेचं घेतलं की तिच्या आयुष्यातली दोन-तीन वर्षं गायब होतात किंवा दुप्पट होतात. एक देश ठरवा आणि शेवटपर्यंत तोच धरा. शिवाय 'विथ एव्हरी हार्टबीट' हे क्लेअरुप या स्वीडिश संगीतकाराबरोबरचं गाणं मूळ स्वीडिश आवृत्तीत नाही. ते ब्रिटनच्या आवृत्तीत घातलं गेलं आणि ऑगस्ट २००७ मध्ये तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. जुनी सीडी हातात घेऊन 'यात ते गाणंच नाही' म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

'बालतारका, आपटी, पुनरागमन'

ही सगळ्यात मोठी चूक. तारखा एक वेळ दुरुस्त करता येतात, पण हा साचा डोक्यातून जात नाही.

कथा अशी सांगितली जाते: लहानपणी प्रसिद्धी मिळाली, १९९७ मध्ये 'डू यू नो' आणि 'शो मी लव्ह' ही दोन्ही गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेली, मग ती विस्मरणात गेली आणि दहा वर्षांनी परतली. ऐकायला छान, पण मधल्या काळात तिने दोन अल्बम काढले होते, आणि स्वीडनमध्ये ती कुठेही हरवलेली नव्हती.

खरा प्रश्न होता शेवटचा शब्द कोणाचा. १९९९ च्या 'माय ट्रुथ'मध्ये तिने स्वतःच्या गर्भपाताच्या अनुभवावर गाणं लिहिलं होतं. अमेरिकी कंपनीला त्यात बदल हवे होते, तिने ते केले नाहीत, आणि अल्बम अमेरिकेत निघालाच नाही. याला आपटी म्हणायचं की नकार, हे लिहिणाऱ्याने ठरवावं. मी नकार म्हणतो.

पुढे मोठ्या कंपनीतून बाहेर पडून तिने २००५ मध्ये 'कोनिचिवा रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली. स्वीडनच्या 'द नाइफ' या बहीण-भावाच्या जोडीचं काम ऐकून तिला वेगळ्या आवाजाची वाट दिसली होती. 'हूज दॅट गर्ल' हे गाणं तिने त्यांच्याबरोबरच केलं, आणि बराचसा 'रॉबिन' अल्बम क्लास ओलुंड या निर्मात्याबरोबर उभा केला. घरातली स्वयंपाकीण बाहेर पडून स्वतःची खानावळ काढते, तेव्हा 'ती पुन्हा स्वयंपाक करू लागली' असं आपण म्हणत नाही.

याच साच्याचं धाकटं भावंड म्हणजे 'रॉबिनला मॅक्स मार्टिनने घडवलं' हे वाक्य. मार्टिन आणि त्याचा गुरू डेनिझ पॉप यांच्या स्टॉकहोममधल्या शेरॉन स्टुडिओचा वाटा मोठाच आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण त्या गाण्यांवर गीतकार म्हणून तिचंही नाव आहे. तिला हेरलं ते मेया या गायिकेने. मेया कार्यशाळेसाठी शाळेत आली होती आणि रॉबिनने तिला आईवडिलांच्या घटस्फोटावर स्वतः रचलेलं गाणं ऐकवलं. श्रेयनामावली वाचायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

'बॉडी टॉक' नक्की कोणता?

२०१० मध्ये तिने एकच मोठा अल्बम काढण्याऐवजी जूनमध्ये पहिला भाग, सप्टेंबरमध्ये दुसरा आणि नोव्हेंबरमध्ये पूर्ण 'बॉडी टॉक' काढला. या शेवटच्या अल्बममध्ये पंधरा गाणी आहेत: आधीच्या दोन भागांतली पाच-पाच आणि पाच नवी. म्हणून फक्त तोच ऐकला तर आधीच्या भागांतली काही गाणी निसटतात.

पार्टीत 'हँग विथ मी' लावलं आणि सगळे नाचायचे थांबले, अशी तक्रार असेल तर तुम्ही पहिल्या भागातलं लावलंय. ते संथ, वाद्यं कमी असलेलं रूप आहे. नाचण्याजोगं रूप दुसऱ्या भागात आहे. 'इनडिस्ट्रक्टिबल'चंही तसंच, संथ आधी, ठेक्यातलं नंतर.

'डान्सिंग ऑन माय ओन' कॅलम स्कॉटचं नाही

कॅलम स्कॉट या ब्रिटिश गायकाने रॉबिनचं हे गाणं २०१५ मध्ये ब्रिटनच्या एका टीव्ही स्पर्धेत गायलं आणि २०१६ मध्ये त्याचं रूप ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. रॉबिनचं मूळ गाणं तिथे आठव्यापर्यंतच पोहोचलं होतं, त्यामुळे अनेकांनी आधी नक्कल ऐकली. मूळ गाणं तिने पॅट्रिक बर्गरबरोबर लिहिलं, २०१० मध्ये. त्याला ग्रॅमी नामांकन मिळालं. पुरस्कार मात्र गेला रिहानाला. म्हणजे एका रॉबिनकडून दुसरीकडेच.

स्कॉटचं गाणं वाईट नाही. पण त्याच्या पियानोवर ते निव्वळ विरहगीत होतं, आणि ते ऐकून मूळ गाणंही 'दुःखी गाण्यां'च्या यादीत टाकलं जातं. रॉबिनच्या गाण्यातली बाई कोपऱ्यात उभी राहून सगळं पाहते आणि तरी नाचते. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या तिच्या कार्यक्रमानंतर प्रेक्षक भुयारी रेल्वेच्या फलाटावर हेच गाणं एकत्र गात होते. तिथे कोणी डोळे पुसत बसलेलं नव्हतं.

'आठ वर्षं गप्प होती'

'बॉडी टॉक' २०१० आणि 'हनी' ऑक्टोबर २०१८, ही वजाबाकी बरोबर, निष्कर्ष चूक. मधे २०१४ मध्ये नॉर्वेच्या रॉयक्सॉप या जोडीबरोबर 'डू इट अगेन' आलं, २०१५ मध्ये 'ला बगातेल माजिक' या गटाबरोबर 'लव्ह इज फ्री'. या गटातला तिचा जुना सहकारी क्रिस्चियन फाल्क २०१४ मध्येच वारला होता. आता 'लव्ह इज फ्री' ऐका, तो ठेका अजिबात शोकगीताचा नाही.