राउटिंगचा नकाशा काढताना एकाच राउटरला विचारा

नेटवर्कचा नकाशा हवा म्हणून प्रत्येक राउटरवर लॉगिन करत बसू नका. ओएसपीएफ (राउटरांनी आपसात माहिती वाटून वाटा ठरवण्याचा प्रोटोकॉल) चालू असेल तर एका एरियातल्या, म्हणजे नेटवर्कच्या एका भागातल्या, सगळ्या राउटरांकडे त्या एरियाचा सारखाच लिंक-स्टेट डेटाबेस (कोण कोणाला जोडलंय याची नोंद) असतो. कुठल्याही एकाकडून तो घ्या, छोट्या स्क्रिप्टने त्यातल्या जोड्या वेगळ्या करा आणि ग्राफविझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रॅमला द्या. त्यातल्या झाडासारखी मांडणी करणाऱ्या 'डॉट'पेक्षा इथे 'नीटो' बरा. जाळं जाळ्यासारखंच दिसतं.

आता खरी गंमत. दोन राउटरांमध्ये एकच रेघ ओढू नका, जाणारा आणि येणारा असे दोन बाण काढा आणि प्रत्येकावर कॉस्ट लिहा, म्हणजे त्या वाटेची किंमत; राउटर कमी किमतीची वाट निवडतो. कॉस्ट बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर ठरते, त्यामुळे एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला १०० असं सहज राहून जातं. मग पॅकेट एका वाटेने जातं, उत्तर भलत्याच वाटेने येतं, आणि ट्रेसराउट फक्त जाण्याचीच वाट दाखवतो. सगळीकडे कॉस्ट १ दिसली तर रेफरन्स बँडविड्थ तपासा. तिला लिंकच्या वेगाने भागून कॉस्ट निघते आणि ती १ च्या खाली जात नाही. रेफरन्स बँडविड्थ अनेक उपकरणांवर मुळात १०० मेगाबिट असते, म्हणून १ गिगाबिट आणि १० गिगाबिटच्या लिंक एकाच मापाने मोजल्या जातात.