पावसाआधी चेनसॉ दुरुस्त करून घ्या: पार्ट नंबरावर मागा, अंदाजाने नको

कोकणात मृगाआधी वाळक्या फांद्या उतरवायच्या असतात, घराकडे कललेला माड काढायचा असतो. गेल्या हंगामात बिघडून पडवीत टाकलेला चेनसॉ आठवतो तो नेमका तेव्हा. २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला श्रीवर्धनजवळ धडकलं, पुढच्या वर्षी तौक्ते तर मेच्या मध्यातच किनाऱ्याला घासून गेलं. वादळानंतर प्रत्येक गावाला एकाच वेळी मशीन लागतं आणि मिस्त्री मात्र तेवढेच असतात. म्हणून एप्रिलअखेर मशीन उघडा.

आधी नेमकं काय गेलंय ते ठरवा. दोरी ओढताना नेहमीचा जोर लागत नसेल, तर प्लग काढून ठेवा, सायलेन्सरचे बोल्ट सोडवा आणि आतल्या भोकातून पिस्टनकडे टॉर्च मारा. पिस्टन गुळगुळीत असेल तर मोठा खर्च बहुधा टळला. उभे ओरखडे दिसले तर पिस्टन धरला आहे, म्हणजे सिलिंडरला घासला आहे. पण नवा सिलिंडर-पिस्टन संच आणण्याआधी तो का धरला ते शोधा. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं, की कार्बोरेटरमागचं रबर फाटून हवा ओढली जात होती, की क्रँकचं सील गेलं? कारण तसंच ठेवून संच बदलला तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. मिस्त्री हे न बघता थेट संच बदलू म्हणाला, तर दुसरा मिस्त्री बघावा.

ओरखडे नसतील आणि मशीन चालू होऊन लगेच बंद पडत असेल, तर पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटरचा पडदा तपासा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की पडदा कडक होतो, नळीला चिरा जातात. अशा वेळी अख्खा कार्बोरेटर घ्यायची घाई नको. पडदा आणि गॅस्केटचं किट स्वस्तात मिळतं. कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर मोबाईलवर टिपून घ्या. किट त्याच नंबरावर मागायचं.

चेनच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ होतो. ‘अठरा इंची चेन द्या’ एवढ्याने काम भागत नाही. पिच, पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या दात्यांची जाडी म्हणजे गेज, आणि त्या दात्यांची संख्या, हे तिन्ही जुळलं पाहिजे. बहुतेक पट्ट्यांवर ते मुठीकडच्या बाजूला छापलेलं असतं. पुसलं असेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं करा, तो पिच. दाते मोजा, आणि जुनी चेन दुकानात घेऊन जा. मोठ्या डीलरकडे रीळ असतं. तो मापाची चेन तोडून रिव्हेट मारून देतो. नव्या चेनबरोबर मागचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं चाकही बघा. त्यावर खोल खाचा पडल्या असतील तर नवी चेन तो लवकर खाऊन टाकेल.

नावाजलेल्या कंपनीचं मशीन असेल तर मॉडेल आणि सिरीयल नंबर घेऊन अधिकृत डीलरकडे जा. वॉरंटीत असेल तर स्वतः काहीच उघडू नका. बाजारातली ५२ आणि ५८ सीसीची चिनी मशीनं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, पण आतून बरीचशी सारखीच असतात. त्यामुळे दोरीचा संच, क्लच, ऑइल पंप एकमेकांचे पुष्कळदा बसतात. तरी जुना तुकडा शेजारी ठेवून मगच पैसे द्या. तालुक्याला चेनसॉवाला नसेल तर ग्रासकटर दुरुस्त करणारा गाठा. इंजिन बहुधा त्याच जातीचं, टू-स्ट्रोक.

झाड अंगावर पडून मशीन चेपलं असेल तर निकष कडक ठेवा. तडा गेलेली मूठ चिकटवून चालवू नये. चेनब्रेक तुटला असेल तर तो बसेपर्यंत मशीनला हात लावू नका, मग माड छपरावर टेकला असला तरी. बऱ्याच चांगल्या मशीनची बॉडी मॅग्नेशियमची असते. ती गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, हा धातू पेट घेतो. दुरुस्तीचा आकडा नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला तर, माझ्या मते, जुनं मशीन सुट्या भागांसाठी ठेवून नवंच घ्यावं.

दुरुस्तीनंतर ताजं पेट्रोल आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात टू-टी ऑइल घाला. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालू ठेवा.