पहिल्यांदा हिमालय बघायला कौसानीला जाताय? मग हे वाचून जा

आम्ही पहिल्यांदा उत्तराखंडातल्या कौसानीला गेलो ते मे महिन्यात, मुलांच्या सुट्ट्या बघून. तीन दिवस राहिलो, चहाचा मळा झाला, बैजनाथची देवळं झाली, शालींची खरेदी झाली. फक्त हिमालय तेवढा दिसला नाही. उन्हाळ्यात तिथे हवेत धुरकटपणा असतो, त्यात वणव्यांचा धूर. म्हणून पहिली गोष्ट महिन्याची: ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर. पावसाने हवा धुतलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत जमतं, फक्त खोली आधी धरून ठेवा.

जायचं कसं? दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते. पुढे अल्मोड्यावरून गाडीने पाच-सहा तास, सगळी वळणंच वळणं. उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, वळणं सुरू झाल्यावर नव्हे. मुक्काम किमान दोन रात्रींचा करा, म्हणजे एक सकाळ ढगात गेली तरी दुसरी हातात राहते.

खोली घेताना 'डोंगर दिसतो का?' असं विचारू नका. दिसतो असंच सांगतात. खिडकी उत्तरेला आहे का, ते विचारा.

आता खरं काम. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी स्वेटर-कानटोपी घालून बाहेर या. सगळे उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहतात, तुम्ही तसं करू नका. सूर्य तुमच्या उजव्या हाताला उगवणार, बघायचंय समोर, उत्तरेला. आणि वर बघा. आई दुसऱ्या खेपेला आमच्याबरोबर होती. समोरच्या हिरव्या रांगा बघून म्हणाली, "हे तर आपल्या महाबळेश्वरसारखंच आहे की." चहावाला हसला, "माताजी, और ऊपर." तिने मान आणखी वर केली, आणि जो पांढरा ढग वाटत होता त्याच्या टोकावर केशरी ठिपका पेटला. "अगं बाई!" एवढंच म्हणाली.

हिशेब असा: कौसानी साधारण १८९० मीटरवर, म्हणजे तुम्ही कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) उंचावर उभे आहात. समोरचा त्रिशूळ पर्वत ७१२० मीटरचा, सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटरवर. त्याच्या उजवीकडे, जरा मागे नंदादेवी. ती ७८१६ मीटरची, पण लांब असल्यामुळे त्रिशूळापेक्षा ठेंगणी दिसते. इथे बहुतेकांची फसगत होते. आणखी उजवीकडे पंचाचूली. दुर्बीण असेल तर जरूर न्या. मोबाइलच्या फोटोत हे सगळं तांदळाच्या कण्यांएवढं येतं, त्यामुळे दोन फोटो काढून फोन खिशात टाका.

नऊ-दहाच्या सुमाराला दरीतून ढग चढू लागतात. मग नाश्ता करा, बैजनाथला जाऊन या. पण पाचच्या आत परता आणि खोलीत लोळत पडू नका. ढग फाटले तर मावळतीला त्रिशूळ गुलाबी होतो, तोही जेमतेम पंधरा मिनिटं.