वाइनबर्गच्या चेंबर सिंफनी ऐकायला सुरुवात कशी करायची

आधी सर्चचं सांगते कारण बरेच जण तिथेच अडकतात. चेंबर सिंफनी म्हणजे छोट्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली सिंफनी, आणि या लिहिणाऱ्या मिएचिस्वाव वाइनबर्ग या पोलंडमध्ये जन्मलेल्या सोव्हिएत संगीतकाराचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या रेकॉर्डिंग्जवर व्ही ने असतं आणि नव्यांवर डब्ल्यू ने, त्यामुळे दोन्ही टाकून बघा. हवं आहे ते क्रेमराटा बाल्टिकाचं रेकॉर्डिंग, ईसीएम लेबल, २०१७. व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमरने १९९७ मध्ये बाल्टिक देशांतली तरुण पोरं घेऊन उभा केलेला हा तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा, आणि चारही चेंबर सिंफनी यात एकत्र मिळतात.

आता क्रम. एकपासून सुरू करू नका, थेट चौथी लावा. १९९२ ची आहे, अगदी अखेरच्या वर्षांतली, १९९६ मध्ये तर तो गेलाच. चार भाग आहेत पण मध्ये थांबत नाहीत, म्हणून ॲपमध्ये गॅपलेस चालू करा आणि शफल बंद, नाहीतर सगळा परिणाम जातो. सुरुवात इतकी हळू आहे की हात आपोआप आवाज वाढवायला जातो, वाढवू नका, कारण दुसऱ्या भागात क्लॅरिनेट अंगावरच येतं. तंतुवाद्यांच्या जोडीला फक्त एक क्लॅरिनेट आणि एक ट्रँगल, तोही मोजून थोड्याच वेळा वाजतो. शेवटच्या भागात क्लॅरिनेट पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांतल्या वादकांसारखं बोलायला लागतं. आपण क्लॅरिनेट लग्नाच्या बँडमध्येच ऐकत मोठे झालो ना, त्यामुळे तो लग्नाचा सूर पटकन ओळखू येतो, आणि तोच इथे एवढा एकटा का वाटतोय म्हणून पोटात कालवतं. १९३९ मध्ये वॉर्सातून वाइनबर्ग एकटा निसटला, आईवडील आणि बहीण मागे राहिले ते नाझींनी मारले.

हे मनात ठेवून मग पहिलीकडे या. १९८६ मध्ये लिहिली, पण मूळ मटेरियल विशीतल्या दुसऱ्या क्वार्टेटचं (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चार तंतुवाद्यांची रचना), जे आई आणि बहिणीला अर्पण केलेलं होतं. साठी उलटल्यावर माणूस ते जुनं पान पुन्हा उघडतो आणि चार वाद्यांचं अख्ख्या ऑर्केस्ट्राला देतो!! माझ्या मते ही पहिली सगळ्यात हलकीफुलकी वाटते आणि म्हणूनच जास्त लागते.

दुसरी (१९८७) आणि तिसरी (१९९०) पण अशाच तिसऱ्या आणि पाचव्या क्वार्टेटमधून आल्यात, दुसरीत टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम) आहे, तिसरी नुसती तंतुवाद्यांची. या दोन्ही निवांत ऐका, घाई नाही.

जमलं तर क्वार्टेट दानेल या चार वादकांच्या गटाने वाजवलेलं मूळ दुसरं क्वार्टेट आणि पहिली सिंफनी लागोपाठ लावा. हेडफोन घाला आणि फक्त डबल बेसकडे कान द्या, क्वार्टेटमध्ये तो नसतोच. तीच धून, पण आता खाली जमीन आलेली असते.